सोडवलेल्या कोंबड्या, तलंगा की एक दिवसाची पिल्लं?

पहिल्यांदाच कोंबड्या पाळायचं ठरलं की तीन वाटा दिसतात. एक दिवसाची पिल्लं आणून वाढवायची. अंड्यावर यायच्या बेतात असलेल्या तलंगा आणायच्या. किंवा लेअर फार्मने वर्ष-सव्वा वर्ष अंडी घेऊन ‘कल’ म्हणून काढलेल्या, खाटकाच्या गाडीत चढायच्या आधी कुणीतरी सोडवून आणलेल्या कोंबड्यांना घर द्यायचं. या तिसऱ्या वाटेबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, बिचाऱ्या आहेत, आणा, चार दिवसांत रुळतील. कुणी म्हणतं, नवख्याने त्या फंदात पडूच नये, आजारी पक्षी गळ्यात पडतात.

दोन्ही मतं अर्धी खरी आहेत. शिवाय लोक ज्याला घाबरतात ते घाबरण्यासारखं नसतंच. सोडवलेल्या कोंबडीचा पहिला महिना पिल्लांच्या पहिल्या महिन्यापेक्षा सोपा जातो. अवघड असतं ते पुढचं आजारपण. आणि तलंगा घेतल्या म्हणून ते टळत नाही, बहुतेक वेळा वर्षभर लांबतं, एवढंच.

पक्षी तोच, वय वेगळं

कोंबडीची रानटी पूर्वज, म्हणजे लाल रानकोंबडी, वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. तेवढी घातली की खुडूक बसते आणि अंडी थांबतात. आजची व्यापारी संकरित लेअर वर्षाला ३०० च्या वर अंडी देते आणि खुडूक जवळपास बसतच नाही. हा फरक निवड पैदाशीने घडवला आहे आणि त्याची किंमत कोंबडीची हाडं मोजतात.

एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. खाल्लेलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला रोज चार ग्रॅमच्या आसपास लागतं. त्यात कवच घट्ट होण्याचं बरंचसं काम रात्री चालतं, म्हणजे कोंबडी काही खात नसते तेव्हा. मग शरीर ते हाडांतून उचलतं. यासाठी मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास साठा तयार होतो. पण महिनोन्‌महिने रोज अंडं चालू राहिलं की साठ्याबरोबर मूळ हाडही झिजतं. फार्मवरून निघालेल्या कोंबड्यांत छातीचं मधलं हाड वाकलेलं किंवा कधीतरी मोडून जुळलेलं अगदी सर्रास आढळतं.

संकरित लेअर १८ ते २० आठवड्यांची झाली की अंड्यावर येते. पूर्वी तिला ७२ आठवड्यांच्या सुमारास काढत, आता बरेच फार्म त्यापुढेही ठेवतात. काढतात तेव्हा तिची अंडी थांबलेली नसतात. संख्या घटते, कवचं पातळ होतात, फुटकी अंडी वाढतात, आणि घातलेल्या खाद्याचे पैसे निघेनासे होतात. तर सोडवलेली कोंबडी म्हणजे दीड वर्षाची, चालू अंड्यावरची, हाडांनी कच्ची कोंबडी. आणि बाजारातली संकरित तलंग म्हणजे बहुतेकदा हाच पक्षी, साडेचार महिन्यांचा असताना.

तुलना करताना लोक नेमकं इथेच फसतात. ‘सोडवलेली आजारी पडेल, तलंग निरोगी राहील’ हे पहिल्या वर्षापुरतं बरोबर आहे. पण तिसऱ्या वर्षाच्या आसपास दोघींच्या वाट्याला तेच आजार येतात: बलक अंडनलिकेत न जाता पोटात सांडून होणारा दाह, अडकलेलं अंडं, अंडाशयाच्या गाठी. अंडाशयाचा कर्करोग कोंबड्यांना आपोआप आणि इतक्या प्रमाणात होतो, की माणसांतल्या त्याच रोगाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ लेअर कोंबड्या वापरतात. हे खरोखर टाळायचं असेल तर संकरित तलंगा सोडून एखाद्या जुन्या, कमी अंड्यांच्या जातीकडे वळावं लागेल. वर्षाला शंभर-दीडशे अंडी देणारी, मधूनमधून खुडूक बसून विश्रांती घेणारी कोंबडी साधारणपणे जास्त जगते. या जातींच्या तयार तलंगा मिळणं मात्र कठीण, बहुधा पिल्लांपासूनच सुरुवात करावी लागते.

पहिला महिना: पिल्लांचा आणि तलंगांचा

पिल्लं दिसायला गोड, पण तिघांत सगळ्यात जास्त राबवतात तीच. अंड्यातून बाहेर आल्यावर पोटात उरलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस निभावतं, म्हणूनच हॅचरीतून लांबवर पाठवता येतं. आल्यानंतर मात्र ब्रूडर, म्हणजे दिव्याने ऊब दिलेली बंदिस्त जागा, लागते. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी, असं पिसं नीट फुटेपर्यंत, म्हणजे पाच-सहा आठवडे. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघावं: दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पांगून चोची उघडून बसली तर उकडतंय. दिव्याला दुहेरी आधार हवा. नुसत्या वायरला टांगलेला दिवा तुसात पडून आग लागते.

पिल्लांना लेअरचं खाद्य चालत नाही. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं आणि ते वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवणीचा धोका सगळ्यात जास्त, म्हणून गादी, म्हणजे खाली पसरलेलं तूस, ओली राहता कामा नये. आणि हे सगळं पहिलं अंडं दिसायच्या आधीचे पाच महिने.

शिवाय निम्मे कोंबडे. मादी म्हणून निवडून घेतलेल्या पिल्लांतही एखादा निघतो. काही संकरांत पिसांच्या रंगावरून नर-मादी पहिल्याच दिवशी कळतात. बाकीच्यांत तज्ज्ञ माणूस गुदद्वार तपासून सांगतो आणि तोही कधी चुकतो. पहाटे चारला आरवणाऱ्या पक्ष्याचं काय करायचं याचं उत्तर तयार नसेल तर पिल्लं आणू नयेत. शेजारी भिंतीला भिंत लावून राहत असतील तर हा प्रश्न पिल्लं निवडतानाच सोडवायचा, चार महिन्यांनी नाही.

तलंगांबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, आणि तीच त्यांची मोठी जमेची बाजू. सोळा-अठरा आठवड्यांची, लसीकरण झालेली, पिसांनी भरलेली कोंबडी आणायची, दोन-तीन दिवस खुराड्यात कोंडून घर ओळखू द्यायचं, महिन्याभरात अंडी सुरू. सुरुवातीची अंडी लहान असतात, एखादं बिनकवचाचं पडतं, ते आपोआप सुधारतं.

फक्त एक तपासणी करावी, कारण तलंगा म्हणून जुन्या कोंबड्या खपवणारेही भेटतात. पिवळ्या पायांच्या जातीत अंडी सुरू झाली की अंगातला पिवळा रंग उतरत जातो: आधी गुदद्वाराभोवतीचा, मग डोळ्याच्या कडेचा, मग चोचीचा, शेवटी पायांचा. तेव्हा पांढुरके पाय म्हणजे बरेच महिने अंडी घातलेली कोंबडी. शेपटीखाली बोटांनी चाचपलं तर दोन टोकदार हाडं लागतात. न घालणाऱ्या तलंगेत त्यांच्यामध्ये जेमतेम एक बोट मावतं, चालू अंड्याच्या कोंबडीत दोन-तीन.

पहिला महिना: सोडवलेल्यांचा

इथे जरा थांबावं लागेल, कारण लोकांच्या मनातलं चित्र आणि खरं काम यांत बरंच अंतर आहे.

साध्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० ते ५५० चौरस सेंटिमीटर जागा येते. ए-४ कागद ६२३ चौरस सेंटिमीटरचा असतो. युरोपियन संघाने १ जानेवारी २०१२ पासून असे उघडेबोडके पिंजरे बंद केले, तरी तिथल्या सुधारित पिंजऱ्यातही एका पक्ष्यामागे किमान ७५० चौरस सेंटिमीटरच जागा ठरवली आहे. एवढ्या जागेत वर्षभर तारेवर उभी राहिलेली कोंबडी तुमच्या अंगणात उतरते तेव्हा ती कधी जमिनीवर चाललेली नसते, तिने ऊन पाहिलेलं नसतं, पायरी चढलेली नसते. पिसं झडून पाठ-मान उघडी, नखं लांबलेली, तुरा मोठा, फिकट आणि एका बाजूला लोळलेला. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ही रात्रभरात जाणार. बहुतेक जात नाहीत.

तिला शिकवाव्या लागतात त्या गोष्टी थोड्या आणि नेमक्या. पिंजऱ्यात ती निपलमधून, म्हणजे चोचीने दाबल्यावर थेंब सोडणाऱ्या तोटीतून, पाणी प्यायलेली असते, उघडं भांडं तिच्या ओळखीचं नसतं. भांड्यात बोट हलवून पाणी चमकवावं, एकीची चोच हलकेच बुडवावी. बाकीच्या तिचं बघून पितात. खाद्य पहिले पंधरा दिवस तेच ठेवावं जे फार्मवर होतं, म्हणजे लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं दळलेलं खाद्य). बदलायचं असेल तर हळूहळू मिसळत जावं. रोज साधारण १०० ते १३० ग्रॅम ती खाते आणि पाणी त्याच्या दुपटीच्या आसपास पिते, उकाड्यात त्याहून पुष्कळ जास्त.

पहिल्याच दिवशी भाकरी, भात, भाजीची सालं यांचा मारा करू नये. लाडाचं खाणं एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे गेलं की प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही पातळ होतात, आणि या कोंबडीला नेमकी तीच हवी असतात. नवी पिसं फुटायला प्रथिनं लागतात, पीस म्हणजे बहुतांश केराटिन नावाचं प्रथिनच. शिंपल्यांची भरड वेगळ्या वाटीत ठेवावी, जिला हवी ती खाते. बारीक खडीही ठेवावी. कोंबडी खडी गिळून तिने पोटात दाणे दळते, आणि मॅशवर वाढलेल्या कोंबडीला आजवर दळायला काही नव्हतं. गवत लांब असेल तर आधी कापून घ्यावं. लांब पाती गिळून गळ्याखालची पिशवी तटते आणि नवख्याच्या ते फार उशिरा लक्षात येतं.

संध्याकाळी ती आपण होऊन खुराड्यात जात नाही. अंधार पडला की असेल तिथे बसते. तेव्हा पहिल्या काही रात्री उचलून आत ठेवायचं. उचलताना दोन्ही पंखांवरून हात घेऊन अंगाशी धरायचं. पाय किंवा पंख धरून ओढलं तर हाड मोडतं, ही नुसती काळजीपोटीची सूचना नाही. बसायचा दांडा जमिनीपासून फूटभर उंचीवरच असावा. त्याहून उंचावरून उडी मारायला हाडं आणि स्नायू तयार व्हायला काही आठवडे लागतात. उतरंडीची फळी कमी चढाची, आडव्या पट्ट्या मारलेली.

उघड्या कातडीला ऊन भाजतं आणि गार वारा लागतो. सावली आणि आडोसा दोन्ही हवेत. विणलेले स्वेटर मात्र घालू नयेत, फोटोत कितीही छान दिसले तरी: नव्या पिसांच्या कोंबांना ते घासतात, त्यांच्याखाली किडे वाढतात आणि कोंबडीला स्वतःची पिसं साफ करता येत नाहीत.

एक गोष्ट मात्र शिकवावी लागत नाही. पिंजऱ्यात मातीचा कण नसतानाही कोंबड्या तारेवर बसून धूळस्नानाच्या सगळ्या हालचाली करताना दिसतात. म्हणून खरी कोरडी माती मिळाली की काही तासांत, फार तर काही दिवसांत, जन्मात मातीला न शिवलेली कोंबडी खड्डा करून त्यात लोळू लागते. तिथून पुढचं बरंच काम ती स्वतःच करते.

भांडणं होतात. एकाच शेडमधल्या असल्या तरी वेगवेगळ्या पिंजऱ्यांतल्या असतात, त्यामुळे कोण वरचढ हे नव्याने ठरतं. कोंबड्यांतली ही चोच मारण्याची उतरंड नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने मांडली, आणि प्राणिशास्त्रातली ‘वर्चस्वाची उतरंड’ ही सगळी चर्चा तिथून सुरू झाली. चोच मारणं, पाठलाग करणं इथपर्यंत मधे पडू नका. रक्त दिसलं की लगेच वेगळं करा, कारण लाल जखमेवर बाकीच्या तुटून पडतात. खाण्या-पिण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवली की निम्मी कटकट मिटते.

पहिल्यांदाच पाळणाऱ्याला इथे एक फायदा असतो जो अनुभवी माणसाला नसतो: घरात जुन्या कोंबड्या नसतात. जुन्या, धडधाकट कळपात अशक्त कोंबड्या मिसळणं हेच या सगळ्यातलं सर्वांत किचकट काम. शिवाय नव्या पक्ष्यांना काही आठवडे वेगळं ठेवायची जबाबदारी असते. रिकाम्या खुराड्यात चौघींना एकत्र उतरवणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही.

लस, चोच आणि किडे

लसीच्या बाबतीत सोडवलेल्या कोंबड्या वरचढ ठरतात. व्यापारी लेअरला हॅचरीतच मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस टोचलेली असते, पुढे मानमोडी, गंबोरो, ब्राँकायटिस या रोगांच्या लसीही ठरल्या वेळी होतात. घरगुती उबवलेल्या पिल्लांना बहुतेकदा यातलं काहीच मिळालेलं नसतं, आणि मरेक्सची लस पहिल्या दिवशी चुकली की नंतर देऊन फारसा उपयोग नसतो.

उलट बाजूही आहे. पिंजऱ्यातली कोंबडी स्वतःच्या विष्ठेपासून दूर राहिलेली असते, त्यामुळे जंतांशी आणि रक्ती हगवणीच्या परजीवींशी तिचा संबंध आलेला नसतो. जमिनीवर आल्यावर तो येतो, तोही मोठ्या वयात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत विष्ठेवर नजर ठेवायची, गादी कोरडी ठेवायची आणि जंताचं औषध पशुवैद्याला विचारून द्यायचं. मुक्त किंवा गादी पद्धतीच्या फार्मवरून सोडवलेल्या कोंबड्यांचं याच्या बरोबर उलट: पाय मजबूत, दांड्यावर बसायची सवय, पण जंत आणि किडे सोबत घेऊन येतात. कुठल्या प्रकारच्या फार्मवरून आल्या हे म्हणूनच आधी विचारायचं.

बऱ्याच लेअरच्या चोचीचं टोक लहानपणीच कापलेलं असतं. कडक जमिनीवरचा एकेक दाणा तिला नीट उचलता येत नाही, म्हणून खाद्याचं भांडं खोलगट हवं. त्याहून महत्त्वाचं, वरची-खालची चोच जुळत नसल्याने उवा आणि किडे टिपणं तिला जमत नाही. ते काम तुमच्याकडे येतं. आठवड्यातून एकदा शेपटीखालची आणि पंखाखालची कातडी बघायची. लाल माइट हा बारीक किडा मात्र दिवसा कोंबडीवर सापडत नाही. तो दिवसा खुराड्याच्या फटींत लपतो आणि रात्री येऊन रक्त पितो. रात्री बॅटरी घेऊन दांड्याची खालची बाजू बघायची. उपाशीपोटी तो महिनोन्‌महिने तग धरतो, त्यामुळे जुनं वापरलेलं लाकडी खुराडं स्वस्त मिळालं म्हणून घेण्याआधी दोनदा विचार करा. ही सूचना तिन्ही वाटांना लागू आहे.

अंडी

अंड्यांच्या हिशेबाने बघितलं तर तलंग पुढे. पहिलं वर्ष जवळपास रोज, दुसरं थोडं कमी. पिल्लांचा हिशेब पाच महिन्यांनी सुरू होतो. सोडवलेल्या कोंबड्यांचं आधी सांगता येत नाही: काही आल्या दिवशी पिशवीतच अंडं घालतात, काही महिनाभर थांबतात. फार्मवर त्यांना रोज सोळा तासांच्या आसपास कृत्रिम उजेड असतो. दिवस लहान होत असतील अशा काळात त्या घरी आल्या तर उजेड एकदम घटतो, अंडी थांबतात आणि पिसं झडायला लागतात. हे आजारपण नाही. पिसं नवी यायला दोन-तीन महिने लागतात आणि तेवढी विश्रांती त्या शरीराला हवीच असते. दिवा लावून अंडी ओढून काढण्याचा सल्ला कुणी दिला तर तो सोडवलेल्यांच्या बाबतीत ऐकू नये.

त्यांची अंडी आकाराने मोठी असतात, कारण वयाबरोबर अंडं मोठं होतं, आणि कवच पातळ असतं. मोठं अंडं आणि थकलेले स्नायू ही जोडी अंडं अडकण्याला कारण ठरते, हे पुढे डॉक्टरांच्या भागात येईलच.

जागा आणि खर्च

इथे तिघांत फारसा फरक नाही. खुराड्यात एका कोंबडीमागे तीन-चार चौरस फूट, बाहेर फिरायला आठ-दहा, दांड्यावर वीतभर, चौघींत एक अंड्याची पेटी. मोठ्या छिद्रांची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगूस, घूस, साप यांना बाहेर ठेवत नाही. त्यासाठी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लागते, आणि खाली उकरून कुणी येऊ नये म्हणून ती जमिनीतही उतरवावी लागते.

खर्चाबद्दल एवढंच: कोंबडीची किंमत हा एकूण खर्चातला सगळ्यात किरकोळ आकडा असतो. सोडवलेल्या जवळपास फुकट मिळतात म्हणून त्या स्वस्त पडतात असं समजणाऱ्याने खुराडं, खाद्य आणि डॉक्टर यांची बेरीज अजून केलेली नाही.

डॉक्टर, आणि मरण

तीन वाटांमधला खरा फरक या भागात आहे, म्हणून निर्णय इथे करावा.

सोडवलेल्या चौघींपैकी एखादी पहिल्या काही आठवड्यांत जाऊ शकते. प्रवासाचा ताण, आधीच मोडलेलं हाड, आतला जुना दाह, कारण बरेचदा कळतही नाही. बाकीच्या वर्ष, दोन वर्षं, काही त्याहून जास्त जगतात. म्हणून कळप किमान चौघींचा असावा. दोनच आणल्या आणि एक गेली तर उरलेली एकटी पडते, आणि एकटी कोंबडी नीट खातपीत नाही.

कोंबडी आजार लपवते. दुबळेपणा दाखवला तर शिकाऱ्याच्या आणि कळपाच्याही नजरेत येते. त्यामुळे ती अंग फुगवून, शेपूट खाली टाकून, बाकीच्यांपासून वेगळी उभी दिसते तोवर दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. अंडं अडकलं असेल तर ती ताठ उभी राहते, जोर करते, पेटीत जाते-येते. अशा वेळी काही तासांत मदत लागते. कोमट पाण्यात बसवणं, शांत अंधारी जागा हे घरी करता येतं. कॅल्शियमचं इंजेक्शन देता येत नाही.

तेव्हा कोंबडी आणायच्या आधी शोधायचं ते खुराडं नाही, पक्षी बघणारा पशुवैद्य. बरेच डॉक्टर कुत्री-मांजरं बघतात, कोंबडी समोर आली की ‘कापून टाका, दुसरी आणा’ म्हणतात. फोन करून सरळ विचारा: पाळीव कोंबडी बघता का? गरज पडली तर वेदना न होऊ देता मरण देता का? पक्ष्यांचे जाणते डॉक्टर वारंवार पोटाचा दाह होणाऱ्या कोंबडीला डेस्लोरेलिनचं रोपण बसवतात. त्या संप्रेरकाने काही महिने अंडी बंद होतात आणि पोटाला उसंत मिळते. ते खर्चिक आहे, सगळीकडे मिळत नाही, पण असा उपाय आहे हे माहीत असलेलं बरं. कुठलंही औषध दिलं की त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही तिथेच विचारून घ्यायचं.

तलंगांच्या बाबतीत हे सगळं कदाचित दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करावं लागेल. तोवर तुम्हाला कोंबडीची चाल, आवाज, विष्ठा वाचता यायला लागलेली असते. सोडवलेल्यांच्या बाबतीत ही वेळ लवकर येते, तुम्ही शिकत असतानाच. माझ्या मते ‘नवख्याने घेऊ नये’ म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात एवढंच तथ्य आहे, आणि जवळपास चांगला डॉक्टर असेल तर तेही उरत नाही.

घरात लहान मुलं असतील तर आणखी एक विचार. मरण त्यांच्यापासून लपवता येणार नाही. काही घरांना ते चालतं, काहींना नाही. पहिला पाळीव प्राणी म्हणून लेकराला दोन महिन्यांत मरू शकणारी कोंबडी द्यायची नसेल तर त्यात कमीपणा काही नाही. कोंबडी कुठलीही असो, हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे आणि पाच वर्षांखालच्यांना तिचे मुके घेऊ द्यायचे नाहीत; धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो.

दयेचा हिशेब

चार कोंबड्या सोडवल्याने फार्म बंद होत नाही. त्या जागी पुढची तुकडी येते. हे खरं आहे, पण त्या चौघींच्या दृष्टीने गैरलागू आहे. उलट तलंग विकत घेताना एक गोष्ट डोळ्याआड राहते: लेअर जातीचे नर अंडी देत नाहीत आणि मांसाला परवडत नाहीत, म्हणून जगभर दरवर्षी अब्जावधी नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ च्या सुरुवातीपासून यावर बंदी घातली. इतरत्र बहुतेक ठिकाणी ते चालू आहे. तलंग किंवा मादी पिल्लू घेणारा या साखळीत पैसे घालतो, सोडवलेली घेणारा जवळपास घालत नाही. ज्याला हे महत्त्वाचं वाटतं त्याच्यासाठी पारडं इथेच झुकतं. ज्याला नाही, त्याने दयेचा आव आणून सोडवलेल्या कोंबड्या आणू नयेत, कारण अंडी थांबल्यावर त्याच कोंबड्या पुन्हा निराधार होतात.

मग कुणी काय आणावं

रोज अंडी हवीत, वेळ कमी आहे, डॉक्टर लांब आहे: तलंगा. लहानपणापासून माणसाळलेले पक्षी हवेत किंवा एखादी जुनी जात जपायची आहे, दिवसभर घरी कुणीतरी असतं आणि नर निघाले तर त्यांचं काय करायचं हे ठरलेलं आहे: पिल्लं. अंडी मिळाली तर मिळाली, कोंबडी हवी, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे आणि अंडी न देणाऱ्या म्हातारीला खाऊ घालायला जड जाणार नाही: सोडवलेल्या, आणि त्याही पहिल्याच वेळी, रिकाम्या खुराड्यात.

सोडवलेले ब्रॉयलर देऊ केले तर मात्र नवख्याने नाही म्हणावं. सहा-सात आठवड्यांत कापण्याजोगे व्हावेत म्हणून पैदास केलेले ते पक्षी मोठे झाले की पाय आणि हृदय दोन्ही साथ सोडतात, आणि त्यांना मोजून-मापून खाऊ घालणं हे वेगळंच कसब आहे.

सोडवलेल्या घ्यायच्या ठरल्याच, तर देणाऱ्याला विचारायच्या गोष्टी: किती आठवड्यांच्या आहेत, पिंजऱ्यातल्या की जमिनीवरच्या, कुठल्या लसी झाल्या, शेवटचं औषध कधी दिलं, चोच कापलेली आहे का, आत्ता कुठलं खाद्य खातात, आणि त्या खाद्याची आठवडाभराची पिशवी सोबत मिळेल का. भागात बर्ड फ्लूमुळे पक्ष्यांच्या हालचालीवर निर्बंध आहेत का, तुमच्या वस्तीत कोंबड्या पाळायला परवानगी आहे का, हे तुमचं तुम्ही बघायचं. आणायला जाताना हवा खेळेल असे खोके न्या, एका खोक्यात दोनच पक्षी, तळाला कागद नको, तूस किंवा गवत. कागदावरून पाय घसरून फाकतात. शक्यतो सकाळी आणा, म्हणजे अंधार पडायच्या आत त्यांना पाण्याचं भांडं सापडलेलं असेल.